फोटोत जोतं दिसत नाही

उत्साही : भाऊ, घर बांधायला निघालेला माणूस पूर्वी शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या बंगल्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "समोरून असंच पाहिजे." आता तो मोबाइल पुढे करतो. लाखनीकडून भंडाऱ्याला येताना हायवेलगतचं एखादं घर डोळ्यांत भरलं, गाडी बाजूला घेतली, फोटो काढला आणि गूगल लेन्सला दाखवला, की तशाच दिसणाऱ्या घरांची रांग लागते. यात बिघडलं काय? 'मोकळं घर' म्हणजे त्याच्या मनात काय आणि माझ्या मनात काय, हे जुळवण्यात बैठकांवर बैठका जायच्या. आता चित्रावर बोट ठेवलं की उमगतं : त्याला उंच छत हवं आहे, की बैठकीतून दिसणारा जिना, की फक्त तो विटकरी रंग. आणि हे गिऱ्हाइकापुरतंच नाही. मी स्वतः कागदावर काहीतरी कच्चं खरडतो, त्याचा फोटो टाकतो आणि पाहतो, ही कल्पना आधी कुणाला सुचली होती आणि तिचं पुढे काय झालं. आजवर माझ्या कपाटात पाचपंचवीस पुस्तकं होती, आता सगळं जग आहे.

शंकेखोर : गिऱ्हाइकाला काय आवडतं ते तुला लवकर कळतं, एवढं मान्य. त्याला काय लागतं ते कळत नाही. उलट, आवडीचं चित्र एकदा समोर आलं की गरजेचा विषय निघायचाच राहून जातो. नुसता फोटो पाहून सोयरीक पक्की करावी, तसं आहे हे. तुझ्या त्या रांगेतलं एखादं घर घे. पुढून सगळी काच, कडेला एसीपीच्या, म्हणजे ॲल्युमिनियम पॅनेलच्या, चकचकीत पट्ट्या, छज्जा औषधालाही नाही. ते घर कुठल्या मुलखातलं, त्याचं तोंड कुठल्या दिशेला, आतल्या एसीला महिन्याचं बिल किती, यातलं काहीही तो फोटो बोलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो आणि पश्चिमेच्या भिंती रात्री जेवणं होईपर्यंत तापलेल्या असतात. त्यानंतर वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. छज्जा इथे शोभेसाठी कधी नव्हताच.

आणि जोतं? ऑगस्ट २०२० च्या अखेरीला वैनगंगेचं पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांमध्ये शिरलं, ते तू पाहिलंस. नदीकडच्या बाजूला घर बांधायचं तर पहिला प्रश्न हाच, की तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं आणि माझं जोतं त्याच्या किती वर राहील. आता मासिकातला किंवा पिंटरेस्टवरचा कुठलाही देखणा फोटो काढ. जोत्यापुढे हिरवळ असते, कुंड्या असतात, पायऱ्या असतात. ज्या भागावर घराचं तरणं-बुडणं ठरतं, तो भाग छायाचित्रकाराने झाकलेला असतो. जे फोटोत नाही, त्यावरून शोध तरी कसा लागणार?

उत्साही : पण हा दोष चित्राचा, की कॅमेरा कुठे उभा होता याचा? तोच पूर तुम्ही वरून पाहा. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले ते माजी मालगुजारी तलाव रस्त्यावरून एकेकटे दिसतात. उपग्रहाच्या चित्रात मात्र साखळी दिसते : वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, तिथून नाल्यात. लेआउट पाडण्याआधी हे एक चित्र पाहिलं, तर पाण्याच्या वाटेत प्लॉट पडणार नाहीत. जमिनीवर उभं राहून हे आजोबाला सांगता यायचं, पण आजोबा आता लेआउटच्या बैठकीत नसतात. तेव्हा चित्र दाखवत नाही म्हणू नका. कुठलं चित्र मागायचं, ते आपल्याला ठाऊक नाही, इतकंच म्हणा.

शिवाय चित्रं शेजारी शेजारी मांडून बांधकाम शिकणं ही आजची फॅशन नव्हे. ड्युरां या फ्रेंच शिक्षकाने १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये देशोदेशीच्या इमारती एकाच मापात काढून एकेका पानावर ओळीने छापल्या. आपल्याकडे जयपूर संस्थानातल्या सॅम्युअल स्विंटन जेकब या अभियंत्याने १८९० पासून 'जयपूर पोर्टफोलिओ' काढला. दिल्ली, आग्रा, राजपुताना इथल्या जुन्या इमारतींचे खांब, कमानी, दारं, तोडे यांची मोठ्या आकाराची रेखाटनं, आणि तीही मुद्दाम सुट्ट्या पानांवर, म्हणजे हवी ती पानं काढून एकमेकांशेजारी ठेवता यावीत. हा शोधच होता की! फक्त पानं हाताने चाळावी लागत.

शंकेखोर : बरं झालं पोर्टफोलिओ काढलास. त्याचा पहिला भाग कशाचा होता ठाऊक आहे? भिंतींच्या माथ्यांचा आणि जोत्यांचा. जेकबने इमारतीचा दर्शनी देखावा विकला नाही. त्याने तिचे अवयव सुटे केले, मापं घेतली आणि दगड कुठे किती बाहेर येतो, कुठे आत जातो, ती कड काढून दिली. त्या पानावरून पाथरवट दगड घडवू शकत होता. तुझ्या लेन्सने दिलेल्या फोटोवरून मिस्त्री काय घडवणार? तो अंदाजाने प्लास्टरचा फुगा काढतो आणि वर पुट्टी मारतो. आणि गंमत बघ, इतक्या काटेकोर कामाचाही पुढे दुरुपयोग झालाच. एकीकडचा खांब, दुसरीकडचा घुमट, असा पानापानांतून जुळवलेला सरंजाम त्या काळच्या पुष्कळ सरकारी इमारतींवर चढला. मापं असताना ही गत, मग नुसत्या देखाव्याची काय होईल?

यंत्र काय करतं तेही नीट पाहू. ते फोटोचं आकड्यांच्या एका लांब मालिकेत रूपांतर करतं आणि साठ्यातल्या ज्या फोटोंच्या मालिका तिच्याजवळ पडतात, ते पुढे आणून ठेवतं. जवळ म्हणजे कशाने जवळ? रंगाने, पोताने, आकाराने, आणि तसल्या फोटोंभोवती इंटरनेटवर जो मजकूर होता त्याने. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या वेळची चित्रं ओळखणारी यंत्रं आकारापेक्षा पोतावर जास्त विसंबतात. मांजराच्या आकृतीवर हत्तीची कातडी चढवली, की माणूस 'मांजर' म्हणतो आणि यंत्र 'हत्ती'. आपल्या धंद्यात कातडीच सगळ्यात स्वस्त मिळते, रे. कवेलूचा आकार ठोकलेले रंगीत पत्रे आज तालुक्याच्या दुकानात मिळतात. फोटोत ते छप्पर अस्सल कवेलूचं दिसतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याखाली बसून दाखव.

उत्साही : ती मांजराची गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीच्या यंत्रांची. नंतरची यंत्रं आकाराकडेही बघायला शिकली आहेत, आणि पुढेही शिकतील. यंत्राच्या आजच्या चुकीवर कायमचा सिद्धान्त उभारू नका. आणि सारखेपणाला तुम्ही सरसकट नक्कल समजता, ते मला पटत नाही. आंभोऱ्याला वैनगंगेवरचा तो केबलचा पूल २०२४ मध्ये सुरू झाला. त्याचा फोटो टाकला तर जगभरचे तसे पूल पुढे येतील. म्हणून आंभोऱ्याने कुणाची नक्कल केली का? वजन खाली ओढतं आणि केबल वर ताणते, हे नियम सगळ्या नद्यांवर एकच आहेत. गरज सारखी असली की रूप सारखं येतं. तेव्हा दोन दूरच्या गोष्टी सारख्या दिसल्या, तर त्यांच्यामागचं कारणही सारखं असेल का, असं विचारण्याची ती संधी असते.

आणि पवनी विसरलात? १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांना स्तूपाच्या कठड्याचे कोरीव खांब मिळाले. ते कुठल्या काळातले हे ठरवताना भारहूतचं शिल्प शेजारी ठेवावंच लागलं. वैनगंगेच्या काठचा दगड आणि मध्य प्रदेशातला दगड यांचं नातं आधी डोळ्यांनी ओळखलं गेलं. सारखं दिसणं हा तिथे पुरावाच होता.

शंकेखोर : अर्धा पुरावा! उरलेला अर्धा मातीच्या थरांत होता, खांबावरच्या अक्षरांच्या वळणात होता. पुरातत्त्ववाला दोन खांब सारखे दिसले म्हणून घरी जात नाही. तो खड्ड्याची उभी भिंत साफ करतो, थर मोजतो आणि मग तोंड उघडतो. त्याच्याकडे देखाव्याच्या जोडीला छेद असतो. माझी मागणी एवढीच आहे. घराचंही तेच : समोरचा फोटो म्हणजे देखावा. घर कळतं ते उभ्या छेदात. जोतं किती, भिंत किती जाड, छताचा उतार काय, वासा कुठे टेकला, गरम हवा कुठून निघून जाते. हे सगळं एका कापलेल्या रेषेत दिसतं, आणि ती रेषा कुठल्याही कॅमेऱ्याला काढता येत नाही.

आता तुझ्या 'सगळ्या जगा'कडे येऊ. मोहाडीकडच्या एखाद्या जुन्या कवेलू घराचा फोटो टाक. पुढे काय येतं? केरळ, कोकण, गोवा. समुद्रकाठची रिसॉर्टं. कारण फोटो तिथल्यांनी काढून टाकले. आपल्या झाडीपट्टीतली मातीच्या जाड भिंतींची, सागवानी खांबांची, ठेंगण्या दारांची, मागे परसात विहीर असलेली घरं त्या साठ्यात जवळपास नाहीतच. यंत्राला ती घरं माहीत नाहीत आणि 'मला माहीत नाही' असं ते सहसा म्हणत नाही. जे जवळचं सापडेल ते हसतमुखाने पुढे करतं. मग इथल्या पोराला वाटतं, कवेलू म्हणजे कोकण. त्याच्या आजीचं घर कुठल्याच प्रकारात बसत नाही, म्हणून ते घरच नव्हतं.

उत्साही : तर मग टाका की ती घरं साठ्यात! तक्रार कसली? आणि एक सांगा, गावातले कवेलू मोबाइलमुळे गेले का? ते माकडांनी घालवले. रोज सकाळी टोळी आली, की छपरावर नाचून शंभर कवेलूंचा चुरा. दरवर्षीची शाकारणी करणारा माणूस मिळत नाही, कुंभाराने कवेलू भाजणं सोडलं. पत्रा तापतो, पण फुटत नाही. माणसाने हिशेब केला आणि पत्रा घातला. हा हिशेबही फोटोत दिसत नाही, बरं का. तो तुमच्या छेदातही दिसत नाही.

शंकेखोर : हे मात्र बिनतोड आहे. छेदात माकड येत नाही.

उत्साही : थांबा, अजून आहे. तुम्हाला जोतं दिसणारे फोटो हवे होते ना? तसे फोटो आहेत, ढिगाने आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यातले आहेत. २०१६ पासूनची प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना घ्या, आपलं घरकुल. सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये, निदान २५ चौरस मीटरचं घर. पण पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्याहप्त्याने येतात. हप्ता सुटायचा तर कामाचा टप्पा दाखवणारा फोटो अक्षांश-रेखांशासह ॲपवर चढवावा लागतो. रिकाम्या जागेचा फोटो, मग जोत्याचा, पुढे भिंती वर आल्याचा, छत झाल्याचा. म्हणजे एकाच घराचे, एकाच जागेवरचे, क्रमाने काढलेले फोटो! जगातल्या कुठल्या देखण्या मासिकाकडे हे आहे? कुठल्या गावात जोतं उंच घेतात, कुठे वीट आणि कुठे सिमेंटचा ब्लॉक, कुठे स्लॅब परवडला आणि कुठे पत्र्यावर थांबले, हे सगळं तिथे पडून आहे. त्यातून शोध घेता आला, तर लाखांदूरच्या माणसाला केरळचं घर दाखवायची गरज उरणार नाही. त्याच्यासारख्याच जमिनीवर, त्याच्याच पैशात शेजारच्या गावात कुणी काय केलं, ते दाखवता येईल.

आणि छेदाचं म्हणाल, तर त्या दिशेनेही काम झालेलं आहे. २०१० च्या सुमारास जर्मनीत 'ए-स्कॅच' नावाचा प्रयोग झाला. हाताने खोल्यांचं कच्चं रेखाटन काढायचं, आणि कोणती खोली कोणत्या खोलीला कशी जोडली आहे, ते ओळखून यंत्र जुने नकाशे काढून देतं. रंग नाही, पोत नाही, नुसती जोडणी. म्हणजे कातडीखालचं शोधता येणं अशक्य नाही. आपण त्याला तसं खायला घातलं पाहिजे.

(इथे दोघांच्या मध्ये तोंड घालतो. हा संवाद लिहायला बसलो तेव्हा माझं माप शंकेखोराच्या पारड्यात होतं. घरकुलाच्या फोटोंचा मुद्दा आला तसं ते हललं. वास्तुरचनेच्या शाळांमध्ये ज्याला 'केस स्टडी' म्हणतात, ती आपली पोरं अजूनही चंदीगड आणि अहमदाबादवर करतात. पंचवीस चौरस मीटरमध्ये चुलीचा धूर, धानाची पोती आणि पाच माणसं कशी बसवली, यावर करत नाहीत. या दोन्हींत खरं कठीण गणित दुसरं आहे, हे माझं मत मी लपवत नाही. असो, शंकेखोराला बोलू द्या.)

शंकेखोर : मुद्दा मोठा आहे, म्हणून सावकाश बोलतो. पहिली गोष्ट, ते फोटो कुणासाठी काढले? तपासणीसाठी. हप्ता सुटेल इतकं घर त्यात दिसतं. छत झाल्यावर फोटो थांबतात, घर मात्र तिथून सुरू होतं. पुढे छपरी काढतात, मागे न्हाणी होते, पहिल्या उन्हाळ्यानंतर खिडकीवर ताट्या लागतात. माणसाने स्वतःच्या अकलेने केलेला तो सगळा बदल तुझ्या साठ्यात नाही. तू पाहशील ते सरकारने मागितलेलं घर.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. त्या कितीतरी फोटोंत मालक स्वतः उभा असतो, कधी त्याची म्हातारी. त्याने तो फोटो पैशासाठी काढू दिला. तुला डिझाइन सुचावं म्हणून नाही. नाव झाकशील, तोंड पुसशील, पण अक्षांश-रेखांश? ते काढलेस तर तुझी शेजारच्या गावाची तुलना संपली, आणि ठेवलेस तर कुणाचं घर किती अपुरं, ते जगाला कळलं. यातून वाट काढता येईलही. पण वाट आहे म्हणण्याआधी त्या माणसाला विचारलं पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. समज, झाडीपट्टीची घरं साठ्यात गेली. सगळ्यात आधी कोण उचलणार? नागपूरच्या बाहेर फार्महाऊस बांधणारा. मातीच्या रंगाचा टेक्स्चर पेंट, कापून लावलेले जुने खांब, आत एसी. घराचं रूप शहरात जाईल, आणि गावातला कारागीर रोजगार हमीवर माती उचलत राहील.

उत्साही : आणि साठ्यात नाही टाकली, तर काय होईल ते आपण रोज बघतोच. घर पडेल, सागवान विकलं जाईल, माती शेतात जाईल. इतकी वर्षं ती घरं कुणालाच दिसली नाहीत. त्या न दिसण्याने एकतरी घर वाचलं का, भाऊ? फार्महाऊसवाल्याच्या हाती लागेल म्हणून तुम्ही ज्ञान कुलुपात ठेवता, आणि त्यामुळे ते ज्याच्या आजोबाचं आहे, त्यालाही मिळत नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या आयआयटीला सोबत घेऊन 'पहल' नावाचा ग्रामीण घरांच्या प्रकारांचा संग्रह काढला. त्यात हवामानानुसार विभाग, नकाशे, साहित्य, सगळं आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याने तो कधी उघडला? त्याने मोबाइल उघडला. जिथे माणूस बघतो, तिथे आपण नसू, तर दुसरं कुणीतरी असणारच.

शंकेखोर : हे मी खोडू शकत नाही. पण तू माझी एक अट खोडू शकला नाहीस, ती पुन्हा ठेवतो. नुसता फोटो टाकू नकोस. प्रत्येक फोटोला छेद बांध, मापं बांध, आणि मालकाने काय सोसलं ते दोन ओळींत लिही : 'माकडांमुळे पत्रा घातला', 'पुरानंतर जोतं वाढवलं', 'कवेलू मिळेना'. ज्या फोटोमागे हे नाही, तो साठ्यात नसलेलाच बरा.

उत्साही : एवढं करायला बसलो, तर शेकडा एक घर होईल आणि नव्याण्णव तोवर पडतील. मी म्हणतो, आधी फोटो घ्या, मापं मागाहून.

शंकेखोर : मागाहून कुणी येत नाही. फोटो मिळाला की काम झालं, असंच सगळ्यांना वाटतं, आणि तेच तर या शोधाचं दुखणं आहे.

उत्साही : आणि मापांसाठी थांबलेल्यांची घरं पडतात, हे तुमचं दुखणं.

दोघं इथे अडले आहेत आणि मला त्यांना सोडवता येत नाही. पण वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. भंडारा, पवनी, तुमसर, मोहाडी, साकोलीकडे ज्यांच्या घरावर अजून कवेलू आहेत आणि येत्या उन्हाळ्यात ते उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं आहे, त्यांना एक विनंती. मिस्त्री कामाला लागण्याआधी एक दिवस काढा. टेप घ्या, घरातलं शाळेत जाणारं पोर सोबत घ्या. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, दाराची उंची, आढ्यापर्यंतचं अंतर आणि छपराचा उतार वहीत लिहा, मग फोटो काढा. आणि आजी असेल तर तिला विचारा, की हे घर उन्हाळ्यात कुठल्या खोलीत गार राहायचं. तेही त्याच पानावर लिहून ठेवा.